गुंडी परतली तर अठ्ठ्याऐंशी

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस पहिला प्रश्न विचारतो, गाव कोणतं. दुसरा विचारतो, काय करता. पहिल्याचं उत्तर मी लगेच देतो, रिसोड. दुसऱ्याच्या आधी मी पाणी पिऊन घेतो, कारण खरं सांगितलं की समोरच्याचा घास हातातच राहतो.

"गेम खेळतो आणि तो कसा आहे ते लिहितो."

"ते झालं. काम काय करता?"

"हेच."

"अन् याचे पैसे भेटतात?"

"भेटतात."

मग तो माणूस बराच वेळ वरणाकडे बघत बसतो. एकदा एका गृहस्थांनी मला हात धुवायच्या जागी गाठून हळूच विनंती केली होती, "आमच्या पोरासमोर नका बोलू हे. मोठ्या मुश्किलीनं बारावीले बसवलं त्याले."

पुण्याच्या एका मासिकासाठी मी हे काम करतो. मासिक आता कागदावर कमी आणि वेबसाइटवर जास्त निघतं, माझं काम मात्र तेच आहे. टीव्हीला जोडायचे आणि कॉम्प्युटरवरचे मोठे खेळ पुण्या-मुंबईची मंडळी बघतात. हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रांवरचे खेळ माझ्याकडे, आणि त्यातही उड्यांचे खेळ खास माझ्याकडे. उड्यांचा खेळ म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक छोटंसं पात्र असतं. ते पळतं, एका फळीवरून दुसऱ्या फळीवर उडी मारतं, मध्ये खड्डे असतात, अंगावर येणारे प्राणी असतात, आणि शेवटी कुठेतरी पोचायचं असतं. बस, एवढंच. पण हे एवढंच कोणी चांगलं करतं आणि कोणी वाईट, आणि त्यातला फरक सांगण्यावर आमचं घर चालतं.

मी शंभरपैकी गुण देतो. उडीला तीस. ही उडी मी आधी आवाज बंद करून तपासतो, कारण वाईट उडीवर चांगलं संगीत घालून पुष्कळ जण वेळ मारून नेतात. यंत्र आणि खेळ हाताला कसे वाटतात, त्याला वीस. डोळ्याला आणि कानाला मिळून वीस. नवेपणाला पंधरा. टिकाऊपणाला, म्हणजे दुसऱ्यांदा खेळावासा वाटतो का याला, पंधरा. एवढ्यावर एक वजाबाकी आहे, आणि तिच्यामागे कामरगावचे एक किराणा दुकानदार आहेत.

माझा लेख वाचून त्यांनी एक खेळ घेतला होता. मी त्याला बरे गुण दिले होते. एके दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"सर, तुमचा हिरो विहिरीत पडला."

"माझा?"

"तुमीच सांगतलं ना घ्या म्हनून? मंग तुमचाच. दिवाळीपासून खेळून राह्यलो, आता विहिरीत पडला अन् वर येतच नाई. शिडी नाई, दोर नाई, काई नाई. काढा त्याले."

मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे खेळून पाहिलं. खरंच, एका कोपऱ्यातली एक विहीर अशी होती की तिच्यात उतरता यायचं, वर येता यायचं नाही. यंत्र बंद करून जुन्या जागेपासून सुरू करणं हाच इलाज होता. तेव्हापासून माझ्या लेखाच्या तळाशी नियम छापलेला असतो. पात्र अशा जागी जाऊ शकत असेल जिथून खेळाच्या आतून परत येता येत नाही, तर सरसकट दहा गुण वजा. खेळ कितीही गोड असो. कामरगावच्या त्या गृहस्थांना मी तसा शब्द दिला आहे आणि ते अजून दर महिन्याला लेख तपासतात. मध्ये एका खेळाला मी एकाहत्तर दिले तर त्यांचा फोन आला की बेरीज करून पाहिली, ती बहात्तर येते. बहात्तरच होती.

तर या नियमासकट, यंदाच्या एप्रिलमध्ये माझ्याकडे गुंडी आली.

खेळाचं खरं नाव परदेशी आहे आणि ते आमच्या घरात कोणालाच नीट म्हणता आलं नाही. त्यातली नायिका म्हणजे सदऱ्याची एक गुंडी. चार भोकांची, निळी, दोऱ्याचे दोन पाय. म्हणून आमच्याकडे खेळाचंच नाव गुंडी पडलं. तिचं सगळं जग कापडाचं. घडी घातलेल्या चादरींचे डोंगर, फितीची नदी, सुयांचं जंगल. आणि त्या जगाचे शत्रू म्हणजे कसर, कपाटातल्या कपड्यांना लागते ती. तिची पाखरं झुंडीनं येतात आणि पायाखालची जमीनच खातात.

ज्या यंत्रासाठी हा खेळ केला आहे त्याला पडदा आणि बटणं तर आहेतच, शिवाय चार गोष्टी आहेत ज्या एकत्र सहसा नसतात. पाठीवर बोटाचा स्पर्श ओळखणारी पट्टी. कपाळावर कॅमेरा. हनुवटीला माइक. आणि पोटात, यंत्र कसं धरलं आहे ते कळायची सोय. बहुतेक खेळ या चौघांना पाहुण्यांसारखं वागवतात, एकदा चहा विचारला की झालं. गुंडीच्या खेळात ही चौघं घरची माणसं आहेत. पाठीमागून बोट दाबलं की पडद्यातल्या कापडाला खालून टेंगूळ येतं आणि गुंडी टुणकन वर उडते. कॅमेरा ज्या वस्तूवर धरावा तिची नक्षी जमिनीला लागते. माइकमध्ये फुंकर मारली की वारा सुटतो आणि गुंडी पुढे ढकलली जाते. यंत्र उलटं, डोकं खाली करून धरलं की तोच वारा तिला मागे आणतो.

पहिल्यांदा माझ्या बोटानं चादरीचा डोंगर फुगला आणि गुंडी त्यावरून घरंगळत गेली, तेव्हा मी मोठ्यानं हसलो. माझी बायको संगीता कणकेच्या हातानं बाहेर आली.

"काय झालं हो?"

"काही नाही. काम चाललंय."

"कामात कवापासून हसाले लागले तुमी?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. एवढ्या वर्षांत मी दमलो आहे, चिडलो आहे, एकदा यंत्र गादीवर फेकलं आहे. हसलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मात्र खेळ अडला. गुंडी पहिल्या फळीवर उभी राहायची आणि आपोआप घसरत घसरत खड्ड्यात पडायची. मी बटणाला हात न लावताही पडायची. मी वहीत 'बिघाड' असं लिहूनही टाकलं. मग लक्षात आलं की आदल्या दिवशी वीज गेलेली होती आणि आज कूलर चालू होता. आमचा कूलर जुना आहे, सुरू झाला की ट्रॅक्टर दारात आल्यासारखं वाटतं. खेळ त्यालाच वारा समजत होता.

आता खरा प्रश्न. हा दोष कोणाचा? एप्रिलमध्ये रिसोडला कूलरशिवाय बसून खेळा, असं मी वाचकांना कोणत्या तोंडानं सांगणार? आणि ज्यांनी हा खेळ केला त्या चार जणांनी, कुठल्या तरी थंड देशात राहून, आमच्या कूलरची काळजी का करावी? मी दोन गुण कापायला पेन उचललं आणि सवयीनं आधी सगळी सेटिंग उघडून पाहिली. तिसऱ्या पानावर एक ओळ होती. 'मला तुमचं घर ऐकू द्या.' ती दाबली. यंत्र थोडा वेळ गप्प राहिलं, आमचा कूलर ऐकला, आणि त्यानंतर त्याला वारा समजणं सोडून दिलं. मी पेन खाली ठेवलं. एखाद्या खेळानं माझ्या घराची विचारपूस करावी ही पहिलीच वेळ होती.

संगीता यात कशी ओढली गेली ते सांगतो. गच्चीवर पापड वाळत घातले होते आणि कावळ्यांसाठी ती तिथं बसून होती. मला कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायची होती म्हणून मी यंत्र पापडांवर धरलं. पडद्यातले सगळे डोंगर पापडाचे झाले, जिऱ्यासकट. गुंडी त्यावरून चालली की कुरकुर आवाज यायला लागला. संगीतानं यंत्र माझ्या हातातून काढून घेतलं ते संध्याकाळी दिलं. तोवर तिनं तुरीच्या डाळीचं वाळवंट, साडीच्या काठाची नदी आणि माझ्या टकलाचा चंद्र करून टाकला होता.

अडचण एकच होती. खेळात मध्येमध्ये कापडी पात्रं भेटतात आणि बोलतात, ते सगळं इंग्रजीत. दर वेळी तिची हाक यायची, "हे काय म्हन्ते हो?" आणि मी माझ्या कामातून सांगायचो, "पुढे जा म्हणते."

"एवढ्या चार ओळी लिह्यल्या अन् तुमी दोन शब्दात सांगता. बाकीचं काय खाऊन टाकता?"

"महत्त्वाचं तेवढं सांगितलं."

"महत्त्वाचं काय ते मी ठरवीन ना."

आणि नेमकं याच सुमारास पुण्याहून अनघाताईंचा फोन आला. त्या आमच्या संपादक. दर जूनमध्ये आमचं मासिक वर्षातला एक खेळ निवडतं. तीन परीक्षक असतात, त्यातला मी एक. आमचा दंडक असा की तिघांपैकी एकाचेही गुण पंच्याऐंशीच्या खाली गेले तर तो खेळ बाद.

"गुंडीवाल्यांची मेल आली आहे," अनघाताई म्हणाल्या. "चौघंच आहेत बिचारे. जी मासिकं आमचा खेळ निवडतील त्यांच्या भाषेत तो करून देऊ म्हणतात. बाकी दोघांचे गुण आलेत. किती, ते सांगत नाही."

"सांगूच नका. आणि एक नोंद करून ठेवा. माझ्या घरातली एक व्यक्ती या खेळाच्या बाजूची आहे."

"तुमच्या घरातली व्यक्ती गुण देणार आहे का?"

"नाही."

"मग त्यांना खेळू द्या. तुम्ही मात्र गुरुवारी सहाच्या आत गुण पाठवा."

मी हे घरात सांगितलं. रात्री जेवायला न सांगता पुरणपोळी होती. मी ती खाल्ली, आणि गुणांवर तिचा काही परिणाम होणार नाही हे खाण्याआधीच स्पष्ट केलं.

गुरुवारी दुपारपर्यंत माझी बेरीज जवळजवळ झाली होती, आणि तेवढ्यात दादा आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. गावची शेती तोच बघतो. बाजार समितीत हरभरा आणला होता, मोजायला वेळ होता म्हणून जेवायला आला. जेवण झाल्यावर त्यानं माझ्या हातातल्या यंत्राकडे बोट केलं.

"बापू, याचेच पैसे भेटतात का तुले? आन इकडे, पाहू."

मी त्याला पाठीवरची पट्टी दाखवली. दादानं बोट ठेवलं. काही झालं नाही. दुसरं ठेवलं. दाबलं, घासलं. पडद्यात एक सुरकुतीही उठली नाही. दादाच्या बोटांना घट्टे आहेत, आणि पट्टीला त्यांच्या आतलं बोट कळेना.

"पाह्य! रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाई, अन् इथंयी नाई. मी मेलो का काय लेका?"

संगीतानं डोक्यावर पदर घेतला आणि दाराआडून सुचवलं, "भाऊजीईले म्हना, बोट वलं करा." दादानं पाण्याच्या पेल्यात बोट बुडवलं. मग चार वेळा दाबलं की एकदा टेंगूळ यायचं. मी वहीत हाताचे पाच गुण कापले. वीसपैकी पंधरा. जो खेळ माझ्या दादाचं बोट ओळखत नाही त्याला वीस मिळणार नाहीत.

दादाला त्याचं काही नव्हतं, तो खेळात पुरता शिरला होता. शेवटच्या डोंगरावर गुंडी उभी होती, समोर कापडाचं हिरवंगार शेत होतं, आणि आभाळातून कसरीची झुंड उतरली. पाखरं शेतावर बसली आणि खायला लागली. इथं खेळणाऱ्यानं काय करायचं असतं, तर हळूहळू फुंकर मारून एकेक पाखरू उडवायचं असतं. हे मी दादाला सांगणार होतो. पण उभ्या पिकावर पाखरं बसलेली दिसल्यावर दादा कोणाचं ऐकत नाही. त्यानं मान वर केली आणि पोटातून हाक घातली.

"हाऽऽऽ! हुर्रर्रर्र! हाऽऽऽऽ!"

कपाटावरचं कुकरचं झाकण वाजलं. पडद्यावरची झुंडच्या झुंड नाहीशी झाली. गुंडीही नाहीशी झाली. ती शेतावरून गेली, नदीवरून गेली, जिथं खेळ संपतो ती सोनेरी दोऱ्याची कमान तिच्या खालून निघून गेली, आणि ती जातच राहिली. शेवटी ती खाली आली ते एका पांढऱ्या मैदानात. नक्षी नाही, शिवण नाही, काही नाही, नुसतं कोरं मांजरपाट. मागे बघितलं तर मधली दरी एवढी की पडद्यात मावेना.

"कुठं गेली बापू ते?"

"खेळाच्या बाहेर, दादा."

"पन पाखरं गेले ना?" दादा म्हणाला. तेवढ्यात बाजारातून फोन आला की मोजणीचा नंबर लागला, आणि तो चप्पल घालत पळाला.

दुपारचे तीन वाजले होते. मी आधी हसलो. इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. मग माझ्या लेखाच्या तळाचा नियम आठवला आणि हसू थांबलं. माझी बेरीज अशी होती. उडी अठ्ठावीस, हात पंधरा, डोळा-कान अठरा, नवेपणा पंधरापैकी पंधरा, टिकाऊपणा बारा. एकूण अठ्ठ्याऐंशी. दहा वजा केले तर अठ्ठ्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर म्हणजे बाद. बाद म्हणजे गुंडी मराठी बोलणार नाही.

संगीतानं हिशेब माझ्याइतक्याच वेगानं केला. "बंद करून चालू करा. कोनाले दिसते?"

"मला दिसतं."

"तुमी डोये मिटा, मी करतो."

"कामरगावच्या माणसाला काय सांगू?"

"त्याचा हिरो विहिरीत पडला व्हता. आपली उडून गेली. फरक हाय का नाई?"

फरक होता, पण एकाच अटीवर. ती गेली तशी परत आली पाहिजे, खेळाच्या आतूनच. वाट एकच दिसत होती. यंत्र उलटं धरायचं आणि दादानं घातली तेवढीच हाक पुन्हा घालायची, म्हणजे वारा तिला मागे आणेल. मी कूलर बंद केला, यंत्राला घर पुन्हा ऐकवलं, ते उलटं धरलं आणि ओरडलो. गुंडीची एक कड हलली. मी धाकटा. शेतावर दादा आणि शाळेत मी, असं आमच्या घरी वाटून दिलेलं होतं, आणि तो फरक आता गळ्यात दिसला. मग आम्ही मिक्सर लावून पाहिला. ती दोन बोटं सरकली. कुकरच्या शिट्टीकडे तर तिनं लक्षच दिलं नाही, बारीक आवाजाला खेळ वारा मानत नाही.

दादाला फोन लावला. तो ट्रॅक्टरवर बसून गावाला निघालाही होता. ट्रॅक्टर थांबवून, इंजिन बंद करून, सगळं समजावून घेऊन तो म्हणाला, "एवढंच ना? धर." मी फोन मोठ्या आवाजावर टाकून माइकपाशी धरला. पलीकडून दादानं हाक घातली असणार, पण फोनमधून आमच्याकडे आलं ते नुसतं 'हा' आणि मग शांतता. हल्लीचे फोन गोंगाट आला की तो आपणहून कापून टाकतात. दादाच्या हाकेला फोननं गोंगाट ठरवलं होतं.

"आली का?" दादा विचारत होता.

"नाही आली."

"पुन्हा घालू का?"

पाच वेळा घातली. पाच वेळा 'हा'. दादाचा गळा बसला. घड्याळात पाच वाजून गेले होते. मी वही ओढली आणि अठ्ठ्याऐंशीच्या खाली दहा लिहिले. वजाबाकीची आडवी रेघ मारली. त्या रेघेचं मला जितकं वाईट वाटलं तितकं स्वतःच्या पगाराच्या वजाबाकीचंही कधी वाटलं नाही.

संगीता ओट्यापाशी उभी होती. तिनं हात पुसले.

"उलटं धरा ते."

"तू?"

"धरा म्हन्तो ना."

तिचं माहेर मानोरा तालुक्यातलं, पोहरादेवीच्या अलीकडचं. लहानपणी ज्वारीच्या हंगामात शेतातल्या माळ्यावर, म्हणजे चार खांबांवर बांधलेल्या मचाणावर बसून पाखरं हाकलायचं काम तिच्याकडे होतं. हे मला लग्नापासून माहीत आहे. पण लग्नापासून तिचा आवाज मी ऐकला आहे तो स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीपर्यंत पोचेल एवढाच. मी यंत्र उलटं करून दोन्ही हातांनी धरलं. ती एक पाऊल मागे सरकली. "लोक काय म्हनतीन," असं स्वतःशीच म्हणाली, आणि तिनं छाती भरून घेतली.

ती हाक मला इथं लिहून दाखवता येणार नाही. अक्षरं दादाच्या हाकेचीच होती, पण दादाची हाक जाऊन आदळते आणि हिची जाऊन परत येत नव्हती. जातच होती. खिडकीची काच थरथरली. गल्लीतली कुत्री आधी भुंकली आणि मग गप्प झाली. माझ्या हातातल्या उलट्या पडद्यात गुंडी उचलली गेली, दरीवरून आली, सोनेरी कमानीवर टण्णकन आपटली, दोन गिरक्या घेतल्या आणि हिरव्या शेताच्या मधोमध दोऱ्याच्या दोन पायांवर उभी राहिली.

आम्ही दोघं उड्या मारत होतो. मी, पन्नाशीतला गृहस्थ, उड्यांचे गुण देणारा, स्वतः उड्या मारत होतो. तेवढ्यात दार धाडकन उघडलं. शेजारच्या काकू काठी घेऊन आत आल्या होत्या, मागे त्यांचा मुलगा फावडं घेऊन.

"कुठं हाय? कुठं हाय साप?"

"साप नाई काकू," संगीता म्हणाली. तिला अजून धाप लागत होती. "आमची गुंडी गेली व्हती तिकडे. आली परत."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, उलट्या यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काठी टेकून खुर्चीवर बसल्या. तेवढ्यात टेबलावरून बसलेल्या गळ्याचा आवाज आला. फोन चालूच राहिला होता, आणि संगीताची हाक काही त्याला कापता आली नव्हती.

"बापू! कोन होय ते? कोनं घातली हाक?"

संगीतानं तोंडावर पदर धरला. मीच सांगितलं, "तुझी भावजय."

मग दादा म्हणाला, "बाप्पा! या गळ्याची मानूस घरात असताना मी दर साली राखनदार शोधत फिरून राह्यलो?"

मी वहीतली आडवी रेघ खोडली. सहाच्या आत अठ्ठ्याऐंशी पाठवले आणि सोबत लिहिलं की खेळाच्या शेवटच्या कमानीपलीकडे एक कोरं मैदान आहे, तिथं जाता येतं आणि परतही येता येतं, मात्र त्यासाठी घरात दोन जबरदस्त गळे लागतात. एक न्यायला, एक आणायला.

या धंद्याची एक खंत अशी की आम्ही दाखवलेली भोकं बुजवली जातात. तेच आमचं काम आहे आणि त्याचा मला अभिमानही आहे. लोक लेख वाचत नाहीत, तळाचा आकडा तेवढा बघतात, पण खेळ करणारी माणसं लेख नीट वाचतात. गुंडीची माणसंही तो कोणाकडून तरी समजावून घेऊन वाचणार हे मला ठाऊक होतं. संगीताच्याही ते उशिरानं लक्षात आलं.

"तुमी त्याईले त्या मैदानाचं काहून सांगतलं?"

"सांगावं लागतं."

"मंग आता बुजवतीन ते."

"बुजवतील."

जूनमध्ये गुंडीची निवड झाली. घरात पेढे आले, पण मैदानाचा विषय निघाला की संगीता उठून जायची. त्या चौघांची एक मेल आली. अभिनंदनाचं उत्तर वगैरे नव्हतंच, एकच विनंती होती. तो आवाज आम्हाला मोजायचा आहे, रेकॉर्ड करून पाठवाल का? मला वाटलं, भिंत किती उंच बांधायची ते मोजत असतील. संगीतानं साफ नकार दिला. दादानं मात्र वावरात उभं राहून, मोबाइल धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लांब ठेवून, हाक घालून दिली. ती पाठवली.

मराठी गुंडी सोयाबीनच्या हंगामात आली. संगीतानं पहिले तीन दिवस मला काहीही विचारलं नाही. एकदा फक्त स्वयंपाकघरातून आवाज आला, "ती शिवनकाम करनारी म्हातारी काय काय बोलते, अन् तुमी मले 'पुढे जा' सांगत व्हते!" शेवटच्या डोंगरापाशी जाऊन मात्र ती थांबली. दादा सोयाबीन घेऊन येईपर्यंत तिनं गुंडीला तिथंच उभं ठेवलं.

दादा आला, जेवला, आणि आपणहून म्हणाला, "आना ते." संगीता या वेळी दाराआड गेली नाही, डोक्यावर पदर घेऊन समोरच बसली. पाखरं उतरली. दादानं हाक घातली. गुंडी उडाली, कमानीवरून गेली, दरीवरून गेली. मी भिंतीची वाट बघत होतो. भिंत आली नाही. मांजरपाटाचं मैदान तसंच होतं. पण आता त्याच्या मधोमध चार सुया उभ्या होत्या आणि त्यावर चिंध्यांनी बांधलेला एक माळा होता. गुंडी वर चढली. खालून शंभरेक पाखरं उठली, आणि यंत्रातून आवाज आला.

"हाऽऽऽ! हुर्रर्रर्र! हाऽऽऽऽ!"

दादा खुर्चीवरून अर्धा उठला. "बापू, हे तं मी होय!" त्यानं यंत्र कानाला लावलं. पुन्हा ऐकलं. मग मला म्हणाला, "आता किती मार्क देशीन?"

"छापून आलेत दादा. अठ्ठ्याऐंशी."

"अजूनयी?"

"छापलेले गुण बदलत नाहीत."

"मोठा कडक मास्तर हाय तू," दादा म्हणाला, आणि भावजयीकडे वळला. "आता तिले घरी कोन आनन?"

संगीतानं यंत्र घेतलं, उलटं करून माझ्या हातात दिलं. मग ती आधी बाहेरच्या दारापाशी गेली, दार उघडलं आणि गल्लीत वाकून म्हणाली, "काकू, साप नाई निघाला हं! काठी नका आनू!"

दार तसंच उघडं ठेवून ती आत आली आणि तिनं छाती भरून घेतली.